तीन विरुद्ध तीन : सर दिनकरराव राजवाडे

ग्वाल्हेरला गेलेला मराठी माणूस आधी कुठे जातो? फुलबागेत, राणी लक्ष्मीबाईच्या समाधीपाशी. गेल्या दिवाळीच्या सुट्टीत मावशीकडे गेले तेव्हा मीही तेच केलं. मग किल्ला, तानसेनची कबर आणि शेवटी जयविलास राजवाडा. हा राजवाडा मायकेल फिलोस यांनी बांधला. शिंद्यांच्या पदरी असलेलं हे घराणं मूळचं इटलीतल्या नेपल्सचं आणि कॅथलिक, हे कळल्यावर मला उगाचच बरं वाटलं. वसईपासून इतक्या लांब ओळखीचं कोणीतरी भेटल्यासारखं!

माझा मावसभाऊ तिथे वकिलीच्या शेवटच्या वर्षाला आहे. रात्री जेवणं झाल्यावर तो माधवराव शिंदे विरुद्ध भारत सरकार हा १९७० चा खटला घोकत बसला होता. मी सहज विचारलं, शिंदे कोर्टात गेले ते फक्त दाद मागायला का? तो म्हणाला, नाही गं, याच माधवरावांचे पणजोबा एकदा न्याय करायला बसले होते, आणि त्यांच्याबरोबर बसला होता त्यांचाच एक जुना दिवाण. दोघांनी मत दिलं एकच, आणि दोघांच्याही मताचा काही उपयोग झाला नाही.

तो दिवाण म्हणजे दिनकरराव राजवाडे. हे नाव मी शाळेत ऐकलं होतं, पण जवळजवळ शिवी दिल्यासारखं. सत्तावन्नच्या उठावात ज्यांनी शिंद्यांना इंग्रजांच्या बाजूला ठेवलं ते दिनकरराव, एवढंच. घरी आल्यावर मी त्यांच्याबद्दल मिळेल ते वाचत गेले. आपल्या मंडळाच्या अंकासाठी चरित्र लिहायचं ठरलं तेव्हा मला दुसरं कोणी सुचेना.

दिनकररावांचा जन्म २० डिसेंबर १८१९ चा, रत्नागिरी जिल्ह्यातला. म्हणजे पेशवाई बुडाल्यावर जेमतेम दीड वर्षाने. कोकणातली कितीतरी घराणी तेव्हा शिंदे, होळकर, गायकवाड यांच्या चाकरीत उत्तरेकडे आणि गुजरातेत गेलेली होती. राजवाड्यांचं घराणंही पूर्वीपासून शिंद्यांच्या नोकरीत होतं. मुलगा पंधराव्या वर्षी सरकारी कामाला लागला. आपण पंधराव्या वर्षी दहावीची प्रिलिम देत असतो! हिशेब, वसुली, कागदपत्रं हीच त्यांची शाळा. पुढे एका प्रांताचा कारभार त्यांच्याकडे आला आणि तिथली पोलीस व्यवस्था आणि महसूल त्यांनी असा काही मार्गावर आणला, की १८५० नंतर लवकरच ते सगळ्या संस्थानाचे दिवाण झाले.

संस्थान कसलं, मोडकळीला आलेला वाडाच होता तो. डिसेंबर १८४३ मध्ये महाराजपूर आणि पनियार इथे एकाच दिवशी झालेल्या दोन लढायांत शिंद्यांचं सैन्य इंग्रजांकडून हरलं होतं. गादीवर दत्तक आलेले जयाजीराव तेव्हा लहान मुलगा होते. खजिना रिकामा, शिपायांचे पगार थकलेले, आणि लोकांच्या मानेवर नाना तऱ्हेचे कर. दिनकररावांनी जाचक कर काढून टाकले, वसुलीला शिस्त आणली, रस्त्यांसारखी कामं हाती घेतली. खर्च कमी करायला पगार कापले, आणि कापताना स्वतःचाही कापला. तुटीत चाललेलं संस्थान शिलकीत आलं. कारभार कसा चालवायचा, याचे नियमही त्यांनी लेखी घालून दिले. आज आपल्याला यात विशेष वाटणार नाही. पण जिथे महाराजांची मर्जी हाच कायदा, तिथे एखादी गोष्ट कागदावर येणं म्हणजे त्या मर्जीला थोडी तरी वेसण घालणं.

इथे एक गोष्ट समजून घेतली पाहिजे, नाहीतर पुढचं सगळं अर्धवट कळेल. आज ग्वाल्हेरच्या कोर्टात हरलेला माणूस हायकोर्टात आणि तिथून सुप्रीम कोर्टात जाऊ शकतो. त्या काळी तसं नव्हतं. कंपनीची न्यायालयं कंपनीच्या मुलखापुरती. संस्थानाची हद्द लागली की त्यांचा अधिकार संपला. संस्थानाच्या आत शेवटचा शब्द दरबारचा. दरबारच्या वर मात्र कोर्ट नव्हतं, होता कंपनीचा रेसिडेंट किंवा एजंट. त्याच्या हातात कायद्याचं पुस्तक नव्हतं, पण त्याचं पत्र कलकत्त्याला गेलं की राजे घाबरत. थोडक्यात, राजाने प्रजेवर अन्याय केला तर दाद राजाकडेच, आणि कंपनीने राजावर अन्याय केला तर दाद कंपनीकडेच.

झाशीचं हेच झालं. गंगाधररावांचा दत्तक पुत्र कंपनीने मानला नाही आणि १८५४ मध्ये संस्थान खालसा केलं. राणीने लगेच तलवार उपसली नव्हती, हे आपण विसरतो. आधी तिने अर्जावर अर्ज केले. जॉन लँग नावाच्या वकिलाला बोलावून सल्ला घेतला. गव्हर्नर जनरलकडे आणि लंडनला कोर्ट ऑफ डायरेक्टर्सकडे दाद मागितली. नावात कोर्ट असलं तरी ते कंपनीचं संचालक मंडळ होतं. ज्यांनी राज्य घेतलं त्यांच्याच मालकांकडे अपील! ते फेटाळलं गेलं.

तंजावरच्या भोसल्यांचं आणखी विचित्र. १८५५ मध्ये तिथले राजे शिवाजी वारले आणि कंपनीने राज्याबरोबर त्यांची खासगी मालमत्ताही ताब्यात घेतली. थोरल्या राणीसाहेब कामाक्षीबाई मद्रासच्या सुप्रीम कोर्टात गेल्या आणि चक्क जिंकल्या. कंपनी लंडनला प्रिव्ही कौन्सिलमध्ये गेली. प्रिव्ही कौन्सिलने १८५९ मध्ये निकाल फिरवला. कारण असं, की एका सत्तेने दुसऱ्या सत्तेशी केलेलं हे राजकीय कृत्य आहे, ते बरोबर की चूक हे ठरवायचा अधिकार कुठल्याच साध्या न्यायालयाला नाही. कायद्याच्या पुस्तकांत हे तत्त्व अजून शिकवतात, आणि त्याच्या मुळाशी एका मराठी राणीचा खटला आहे.

या दोन गोष्टींच्या मध्ये आलं १८५७. १४ जूनला ग्वाल्हेरजवळच्या मोरार छावणीतली कंटिंजंट फौज उठली. ही फौज शिंद्यांच्या पैशावर चालायची, पण अधिकारी इंग्रज. जयाजीराव तेव्हा तरुण होते आणि आजूबाजूचे लोक त्यांना उठावात ओढत होते. दिनकररावांनी त्यांना थोपवून धरलं. एवढंच नाही, तर उठलेल्या फौजेला कित्येक महिने ग्वाल्हेरमध्येच अडकवून ठेवलं. ती वेळेवर आग्र्यावर किंवा दिल्लीवर चालून गेली असती तर काय झालं असतं, यावर इतिहासकार अजून वाद घालतात. पुढे १ जून १८५८ रोजी तात्या टोपे, रावसाहेब पेशवे आणि राणी लक्ष्मीबाई ग्वाल्हेरवर आले. शिंद्यांचं स्वतःचं सैन्यही त्यांना जाऊन मिळालं. महाराज आणि दिवाण आग्र्याला पळाले. त्याच महिन्यात ग्वाल्हेरच्या वेशीवर राणी लढता लढता पडली आणि इंग्रजांनी जयाजीरावांना परत गादीवर बसवलं.

मी त्या समाधीपाशी उभी राहिलेय. तिथे उभं राहून दिनकररावांच्या बाजूने बोलणं मला जमणार नाही. त्यांनी हिशेब केला असेल, की ज्या सत्तेला दरबार नाही, कोर्ट नाही, अर्ज ऐकणारं कोणी नाही तिच्याशी भांडून संस्थान वाचत नाही, आणि सांभाळून घेतलं तर वाचतं. हिशेब व्यवहारात खरा ठरला, ग्वाल्हेर वाचलं. पण राणीसारखे सगळे अर्ज करून थकलेल्या माणसाला हा हिशेब सांगून काय उपयोग होता?

इतकी सेवा करूनही त्यांचं महाराजांशी फार काळ पटलं नाही. डिसेंबर १८५९ मध्ये दिवाणपद सुटलं. चाळिशीत नोकरी गेलेला माणूस घरी काय करतो? दिनकरराव इंग्रजी शिकायला बसले. आयुष्यभर मराठीत आणि दरबारी भाषेत काम केलेला माणूस चाळिसाव्या वर्षी परकी मुळाक्षरं गिरवतो, हे वाचून मला आमच्या बॅचची आठवण आली. मराठी शाळेतून आलेले आम्ही काही जण पहिल्या वर्षी इंग्रजीच्या वर्गात मागच्या बाकावर बसायचो. दिनकररावांना ती भाषा सफाईने बोलता कधीच आली नाही. तरी सरकारला त्यांचा सल्ला लागायचाच. १८६१ च्या कायद्याने व्हाइसरॉयच्या कायदेमंडळात हिंदी माणसं घ्यायची सोय झाली, तेव्हा पहिल्या तिघांत पतियाळाचे महाराज, बनारसचे राजा देवनारायण सिंह आणि दिनकरराव होते. तिघांनी मिळून सरकारला अडवावं एवढी ताकद त्या मंडळात त्यांना नव्हती. पण वर्ष बघा : १८६२. त्याच वर्षी भारतीय दंडसंहिता लागू झाली, आणि मुंबई, मद्रास, कलकत्ता इथली हायकोर्टं सुरू झाली. कायद्याची नवी इमारत उभी राहत होती आणि हे दारातून आत डोकावत होते.

दिनकरराव सुधारक वगैरे नव्हते. ते जुन्या वळणाचे, सामाजिक सुधारणांना नाक मुरडणारे. पुढे काँग्रेस निघाली तेव्हा तिच्यापासूनही लांब राहिले. सरकारने त्यांना सर केलं, राजा हा किताब दिला, जहागीर दिली. इथेच चरित्र संपलं असतं तर मी हा लेख लिहिला नसता.

पण १८७५ आलं आणि बडोद्याचं प्रकरण उभं राहिलं. मल्हारराव गायकवाड १८७० मध्ये गादीवर आले. त्यांचा कारभार वाईट होता, यात शंका घ्यायला जागा नाही. तक्रारी इतक्या झाल्या की सरकारने चौकशी नेमली आणि नंतर सुधारायला ३१ डिसेंबर १८७५ पर्यंत मुदत दिली. मधल्या काळात दादाभाई नौरोजी बडोद्याचे दिवाण झाले. रेसिडेंट कर्नल फेअर आणि महाराज यांचं मात्र हाडवैर. ९ नोव्हेंबर १८७४ च्या सकाळी फेअर यांनी रोजच्यासारखं सरबत घेतलं, दोन घोट प्यायल्यावर चव बिघडलेली वाटली म्हणून बाकीचं ओतून दिलं. पेल्याच्या तळाशी गाळ दिसला. तपासणीत त्यात सोमल आणि हिऱ्याची पूड निघाली. संशय महाराजांवर गेला. जानेवारीत त्यांना अटक झाली.

आता पेच असा, की गायकवाडांचा न्याय कोण करणार? मुंबईच्या हायकोर्टाला बडोद्यात अधिकार नाही. बडोद्याच्या न्यायालयांचे धनी तर स्वतः आरोपीच. राजावर खटला चालवायचं कोर्टच अस्तित्वात नव्हतं. व्हाइसरॉय लॉर्ड नॉर्थब्रुक यांनी मग एक आयोग नेमला. अध्यक्ष कलकत्ता हायकोर्टाचे मुख्य न्यायाधीश सर रिचर्ड काउच, त्यांच्याबरोबर मीड आणि मेलव्हिल हे दोन इंग्रज अधिकारी. हिंदी बाजूने जयपूरचे महाराज रामसिंह, ग्वाल्हेरचे जयाजीराव शिंदे आणि सर दिनकरराव राजवाडे. पंधरा वर्षांपूर्वी बिनसलेले महाराज आणि दिवाण पुन्हा एकत्र आले, आणि आता दोघांच्या मताचं वजन सारखंच होतं.

२३ फेब्रुवारीला बडोद्यात कामकाज सुरू झालं. सरकारच्या बाजूने मुंबईचे ॲडव्होकेट जनरल स्कोबल, मल्हाररावांच्या बाजूने खास इंग्लंडहून आणलेले सार्जंट बॅलंटाइन. (हे सार्जंट पोलिसातले नव्हेत, वरच्या दर्जाच्या बॅरिस्टरची ती जुनी पदवी.) देशभरची वर्तमानपत्रं रोज याच बातम्या देत होती. मुख्य साक्षीदार होते रेसिडेन्सीतले नोकर आणि महाराजांचे खासगी कारभारी दामोदरपंत. अडचण अशी, की हे साक्षीदार स्वतःच कटात सामील असल्याचं कबूल करत होते, पोलिसांच्या ताब्यात होते, आणि त्यांच्यातल्या काहींना माफीचं वचन मिळालेलं होतं. स्वतःची मान सोडवायला दुसऱ्याचं नाव घेणाऱ्यावर किती विश्वास ठेवायचा? बॅलंटाइन यांनी नेमकं इथेच बोट ठेवलं.

मार्चअखेर मतं आली. तिन्ही इंग्रज म्हणाले, गुन्हा सिद्ध झाला. तिन्ही हिंदी म्हणाले, झाला नाही.

मी या ठिकाणी वाचताना थांबले होते. जयाजीरावांचं आणि रामसिंहांचं समजू शकतं, एका राजाने दुसऱ्या राजाला सांभाळून घेतलं असं कोणी म्हणेलही. पण दिनकरराव राजे नव्हते. किताब, जहागीर, मान सगळं इंग्रजांनी दिलेलं. ज्यांच्यासाठी त्यांनी सत्तावन्नमध्ये राणीच्या विरुद्ध बाजू घेतली, त्यांनीच विश्वासाने खुर्ची दिलेली, आणि त्यांना कोणतं उत्तर हवंय हे न कळण्याइतके ते भोळे नक्कीच नव्हते. तरी त्यांनी पुरावा तोलला आणि तो कमी भरतो असं लिहून दिलं. मल्हारराव चांगले आहेत असं त्यांनी म्हटलं नाही. आरोप सिद्ध होत नाही, एवढंच. वाईट माणसाच्या बाबतीतही पुरावा पुराच लागतो, हे सांगायला वेगळीच हिंमत लागते.

त्या वर्षीचा ईस्टर २८ मार्चला होता. म्हणजे हे कामकाज नेमकं आमच्या उपवासकाळात चाललं. गुड फ्रायडेला चर्चमध्ये आम्ही दरवर्षी पिलाताच्या न्यायसभेचं वाचन ऐकतो. समोरच्यात दोष सापडत नाही हे पिलाताला कळतं, हातात अधिकारही असतो, आणि तो हात धुऊन मोकळा होतो. मल्हारराव काही येशू नव्हेत, तशी तुलना मला करायची नाही. पण दिनकररावांचं पिलाताच्या बरोबर उलट होतं. अधिकार काहीच नव्हता, आणि हात त्यांनी धुतले नाहीत.

अधिकार नव्हता हे लवकरच दिसलं. हे मुळात कोर्ट नव्हतंच, चौकशी करून सरकारला मत कळवणारा आयोग होता. तीन विरुद्ध तीन म्हणजे आरोप सिद्ध झाला असं काही ठरत नव्हतं. एप्रिलमध्ये सरकारने जाहीरनामा काढला आणि मल्हाररावांना पदच्युत केलं, विषप्रयोगाच्या चौकशीवरून नव्हे, तर गैरवर्तन, गैरकारभार आणि नालायकी या कारणांवरून. सुधारण्यासाठी दिलेल्या मुदतीचे अजून आठ महिने शिल्लक होते. मल्हाररावांना मद्रासला नेऊन ठेवलं, तिथेच १८८२ मध्ये ते वारले. बडोद्याला पुढे नाशिक जिल्ह्यातल्या कवळाण्याचा एक मुलगा दत्तक आणला. ते सयाजीराव महाराज. बडोद्याचं त्यात भलंच झालं. पण भलं झालं म्हणून रस्ता बरोबर होता असं म्हणायचं का?

दिनकरराव जानेवारी १८९६ मध्ये वारले. त्यांच्यानंतरही संस्थानांच्या न्यायालयांवर सामाईक कोर्ट आलं नाही. १९३७ मध्ये दिल्लीत फेडरल कोर्ट सुरू झालं, पण संस्थानं संघराज्यात आलीच नाहीत, त्यामुळे ग्वाल्हेर त्याच्या बाहेरच राहिलं. १९४८ मध्ये मध्य भारत राज्य झालं, ग्वाल्हेरला त्याचं हायकोर्ट बसलं. १९५० मध्ये राज्यघटना आली आणि पहिल्यांदाच ग्वाल्हेरच्या साध्या माणसाला दिल्लीपर्यंतचं दार उघडलं.

आणि मग तो माझ्या मावसभावाचा खटला. सप्टेंबर १९७० मध्ये राजांचे तनखे बंद करणारं घटनादुरुस्ती विधेयक राज्यसभेत एका मताच्याही अंशाने पडलं. लगेच राष्ट्रपतींच्या आदेशाने सगळ्या राजांची मान्यता एका फटक्यात काढली गेली. सरकारचं म्हणणं होतं, की घटनेच्या ३६३ व्या कलमाप्रमाणे संस्थानांबरोबरच्या करारांचे वाद कोर्टाच्या कक्षेबाहेर आहेत. तंजावरच्या राणीला मिळालेलं उत्तरच जवळजवळ! पण १५ डिसेंबर १९७० रोजी अकरा न्यायाधीशांच्या पीठाने नऊ विरुद्ध दोन मतांनी आदेश रद्द केला. राष्ट्रपतींचा अधिकारही घटनेतूनच येतो, तेव्हा तो घटनेप्रमाणे वापरला की नाही हे कोर्ट तपासणार.

राजांना फुकटचे तनखे मिळावेत असं मला मुळीच वाटत नाही. ते गेलेही. पुढच्याच वर्षी निवडणूक झाली, संसदेने रीतसर २६ वी घटनादुरुस्ती केली आणि तनखे, किताब सगळं संपलं. शेवट दोन्ही वेळी सरकारला हवा तोच झाला. पण १८७५ मध्ये सरकारने मतांचा कागद बाजूला सारला, आणि १९७१ मध्ये निकालापुढे थांबून सरकारला लोकांकडे आणि संसदेकडे जावं लागलं. मला वाटतं, कोर्ट आणि आयोग यांतला फरक मावसभावाच्या पुस्तकात चार पानांत दिलाय, तो एवढाच आहे : निकाल न आवडला तरी सरकारला थांबावं लागतं का?

पुढच्या वेळी ग्वाल्हेरला गेले की फुलबागेत परत जाईन. मग मावसभावाबरोबर हायकोर्ट बघायला जायचं ठरलंय. तिथे कोणी साधा शेतकरी सरकारविरुद्ध अर्ज घेऊन उभा असेल. त्याला राणीचे अर्ज माहीत नसतील, दिनकररावांचं मतही माहीत नसेल. त्याचा पुकारा होईल आणि तो आत जाईल.